मूस मृगाची शिकार व तिचे नियोजन

मूस हा मृग कुलातील (सर्व्हिडी) सर्वांत मोठा प्राणी असून उत्तर अमेरिका व उत्तर यूरोप येथील वनप्रदेशांत त्याची शिकार मुख्यतः मांसासाठी व काही अंशी शृंगांसाठी केली जाते. शिकाऱ्याने पूर्वी कधीही न पाहिलेल्या प्रदेशात पहिली मूस-शिकार योजावयाची असल्यास प्राणी कोठे सापडेल, या प्रश्नाइतकाच मारलेल्या प्राण्याचे मांस तेथून कसे हलविता येईल, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ससा वा लहान हरिण मारल्यावर शिकार संपते. मूसच्या बाबतीत मात्र गोळी लागल्यानंतरच खऱ्या श्रमास आरंभ होतो. म्हणून अनुभवी शिकारी शिकारीची योजना उलट्या क्रमाने आखतात. मांस टिकेल अशा ठिकाणापासून विमानतळ, नदी वा रस्ता यांपर्यंत, तेथून तळापर्यंत व तळापासून प्रत्यक्ष शिकारीच्या जागेपर्यंत असा विचार ते करतात. प्रस्तुत नोंदीत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी अलास्का हे राज्य मुख्य उदाहरण म्हणून घेतले आहे.

प्राणी : मूसचे शास्त्रीय नाव ॲल्सेस ॲल्सेस असे आहे. ‘मूस’ हा शब्द ईशान्य अमेरिकेतील अल्गाँक्वियन भाषांतून इंग्रजीत आला. यूरोपात याच प्राण्याला इंग्रजीत ‘एल्क’ म्हणतात. उत्तर अमेरिकेत मात्र एल्क हे नाव वापिटी या वेगळ्या मृगास लावतात. त्यामुळे जुनी प्रवासवर्णने व शिकारकथा वाचताना घोटाळा होण्याचा संभव असतो. अलास्कातील मूस आकाराने सर्वांत मोठे होत. तेथील पूर्ण वाढलेला नर खांद्याशी सु. १.८ मी. वा त्याहून अधिक उंच असून त्याचे वजन ५४० ते ७२५ किग्रॅ. भरते, मादी ३६० ते ५९० किग्रॅ. वजनाची असते. भारतातील सर्वांत मोठ्या मृगाशी, म्हणजे सांबराशी, तुलना केल्यास हे आकारमान स्पष्ट होते. सांबराचा मोठा नरही सु. ३०० किग्रॅ.च्या आसपासच असतो.

वाळुंज (विलो), भूर्ज व ॲस्पेन या झाडांची पाने आणि कोवळ्या डहाळ्या हे मूसचे मुख्य अन्न होय. उन्हाळ्यात तो तळ्यांत उतरून पाणवनस्पतीही खातो. पंजाच्या आकाराची रुंद शृंगे फक्त नरास असतात. ती दरवर्षी हिवाळ्यात गळून पडतात व नवी उगवतात. वाढत्या शृंगांवरील मखमली त्वचा ऑगस्टच्या अखेरीस वा सप्टेंबरच्या आरंभी निघून जाते. समागमाचा काळ सप्टेंबरचा उत्तरार्ध व ऑक्टोबरचा आरंभ हा होय. पाडसे मे-जूनमध्ये जन्मतात. जुळीही पुष्कळदा होतात. मूसची दृष्टी सामान्य असली, तरी घ्राणेंद्रिये व श्रवणेंद्रिये अतिशय तीक्ष्ण असतात.

शिकारीच्या व्यवस्था : मूस-शिकारीचे नियमन देशपरत्वे भिन्न आहे. स्वीडनमध्ये १७८९ साली शिकारीचा हक्क जमीनमालकीशी जोडला गेला. तेथे शेजारचे जमीनमालक व त्यांचे सोबती गट करून, कुत्र्यांच्या साहाय्याने शिकार करतात. शिकारीचा हंगाम उत्तर भागात सप्टेंबरच्या आरंभी व दक्षिणेत ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. जखमी मूसचा माग काढणारा कुत्रा दोन तासांच्या आत गोळीच्या जागी पोहोचू शकेल, अशी तजवीज असणे तेथे कायद्याने आवश्यक आहे. फिनलंड व नॉर्वे येथे मूस-शिकाऱ्यास नेमबाजीची चाचणी द्यावी लागते. या देशांत नवखा शिकारी बहुधा एखाद्या स्थानिक गटाचा पाहुणा म्हणून जातो आणि त्या भूमीचे ज्ञान त्याला गटाकडून आयते मिळते.

कॅनडातील न्यू फाउंडलंड बेटावर मूस मूळचा नाही. १८७८ मध्ये एक जोडी व १९०४ मध्ये न्यू ब्रन्सविकमधून आणलेले चार मूस तेथे सोडण्यात आले. बेटावरील आजची मोठी संख्या प्रामुख्याने त्यांपासून वाढली. प्रांताबाहेरील शिकाऱ्यास तेथे परवानाधारक व्यावसायिकामार्फतच शिकार करावी लागते. अलास्कात याउलट अमेरिकेच्या इतर राज्यांतील नागरिकास मूससाठी मार्गदर्शक नेमण्याची सक्ती नाही. अमेरिकेत वास्तव्य नसलेल्या परदेशी नागरिकास मात्र कोणत्याही मोठ्या प्राण्याच्या शिकारीसाठी तेथे परवानाधारक मार्गदर्शक आवश्यक असतो. मार्गदर्शकाविना जाण्याच्या या मोकळिकीमुळे नियोजनाचा सर्व भार शिकाऱ्यावर पडतो.

कायदा व भूमीचे स्वामित्व : अलास्काचे २६ शिकार-व्यवस्थापन विभाग पाडलेले असून त्यांपैकी अनेकांचे उपविभाग आहेत. हंगामाच्या तारखा, परवान्याचा प्रकार आणि मारण्यायोग्य प्राण्याची व्याख्या ही प्रत्येक उपविभागात वेगळी असू शकतात. काही ठिकाणी सर्वसाधारण हंगामात शिकार करता येते, काही ठिकाणी नोंदणी करावी लागते, तर काही ठिकाणी सोडतीने परवाने देतात. सोडतीचे अर्ज हंगामाच्या बरेच महिने अगोदर करावे लागत असल्याने नियोजनास निदान एक वर्ष आधी प्रारंभ करणे इष्ट असते. नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने निघते. मागील वर्षाच्या पुस्तिकेवर विसंबणे धोक्याचे असते.

अनेक विभागांत बाहेरून आलेल्या शिकाऱ्यास ५० इंच, म्हणजे १२७ सेंमी., वा त्याहून अधिक रुंद शृंगे असलेला किंवा निदान एका शृंगाच्या कपाळाकडील भागास ठराविक संख्येचे (विभागानुसार तीन किंवा चार) फाटे असलेला नरच मारता येतो. दुरून रुंदीचा अंदाज चुकण्याची शक्यता मोठी असते. नवख्याला प्रत्येक नर प्रचंडच वाटतो. म्हणून रुंदीबद्दल शंका असल्यास फाटे मोजावेत व फाटेही स्पष्ट दिसत नसल्यास गोळी झाडू नये, हा सुरक्षित नियम होय. विमानाने प्रवास केलेल्या दिवशी शिकार करण्यास मनाई असून दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजल्यानंतरच ती करता येते. आकाशातून प्राणी हेरून लगेच खाली उतरून मारण्याच्या प्रकारास त्यामुळे आळा बसतो. नियमित प्रवासी विमानसेवेस हे बंधन लागू नाही.

निर्मनुष्य दिसणारी सर्व भूमी सरकारी असते, असे नाही. १९७१ च्या अलास्का मूलनिवासी दावे निराकरण कायद्यान्वये सु. १·७८ कोटी हेक्टर भूमी मूलनिवासींच्या निगमांकडे आली. ती खाजगी मालमत्ता असल्याने तेथे प्रवेशासाठी परवानगी लागते. १९८० च्या राष्ट्रीय हितभूमी संवर्धन कायद्याने संघीय भूमीवर उपजीविकेसाठी शिकार करणाऱ्या ग्रामीण रहिवाशांना अग्रक्रम दिला असून प्राणी कमी झाल्यास काही क्षेत्रे बाहेरच्यांना बंद करण्यात येतात. यास्तव उपविभागाचा नकाशा व भूस्वामित्वाचा नकाशा हे दोन्ही एकत्र ठेवून पाहणे ही निवडीची पहिली पायरी ठरते.

प्रदेशाची निवड : अलास्कात मूसची संख्या पावणेदोन ते दोन लाख असल्याचे मानले जाते व दरवर्षी सु. सहा ते आठ हजार मूस शिकारीत मारले जातात. परंतु हे प्राणी सर्वत्र सारखे विखुरलेले नाहीत. राज्याच्या मत्स्य व शिकार खात्याकडून विभागवार शिकारीची आकडेवारी व विमानातून केलेल्या गणनांचे अहवाल उपलब्ध होतात. त्यांवरून तीन गोष्टी पाहाव्यात : दर शंभर माद्यांमागे नरांची संख्या, दर शंभर माद्यांमागे पाडसांची संख्या व शिकाऱ्यांच्या संख्येच्या मानाने यशस्वी शिकारींचे प्रमाण. पहिल्या आकड्यावरून मारण्यायोग्य नर किती असतील याची, तर दुसऱ्यावरून कळप वाढत आहे की घटत आहे याची कल्पना येते. तिसऱ्या आकड्याचा अर्थ जपून लावावा लागतो. नदीत यांत्रिक नाव घेऊन फिरणारे स्थानिक रहिवासी व पायी हिंडणारा पाहुणा यांचे यश एकाच आकड्यात मिसळलेले असू शकते. विभागाच्या जीववैज्ञानिकास दूरध्वनी करून विचारलेले नेमके प्रश्न येथे फार उपयोगी पडतात. ‘मूस कोठे आहेत?’ असे विचारण्यापेक्षा विशिष्ट नदीचे नाव घेऊन पाण्याची पातळी, गर्दी व मागील हिवाळ्यातील बर्फ यांविषयी विचारावे.

भूमी वाचण्याचे दुसरे साधन म्हणजे वणव्यांचा इतिहास. स्प्रूस वृक्षांचे जुने, दाट अरण्य मूसला फारसे अन्न पुरवीत नाही. अरण्य जळून गेल्यावर तेथे वाळुंज, भूर्ज व ॲस्पेन यांची नवी वाढ होते आणि पुढील काही दशके ती मूसला पोसते. केनाई द्वीपकल्पावर १९४७ साली लागलेल्या मोठ्या वणव्यानंतर तेथील मूसची संख्या अशीच वाढली होती. जळित क्षेत्राची कड, नदीकाठची वाळुंजाची झुडपे, बीव्हरांनी अडविलेल्या पाण्याची तळी आणि वृक्षरेषेजवळील झुडपांचे पट्टे ही ठिकाणे नकाशावर व उपग्रहचित्रांवर आधीच खुणावून ठेवता येतात. अलास्कासाठी १ : ६३,३६० या प्रमाणाचे स्थलवर्णनात्मक नकाशे दीर्घकाळ प्रचारात होते; नवे नकाशे १ : २५,००० या प्रमाणावर निघाले आहेत. नकाशावरील समोच्च रेषांतून चढउतार कळतात, पण गवताच्या डळमळत्या गठ्ठ्यांनी भरलेली दलदल कळत नाही. सपाट दिसणारा असा एक किलोमीटर चालण्यास डोंगरी वाटेपेक्षाही अधिक कष्ट पडतात. यामुळे नकाशावरून ठरविलेल्या जागांबरोबर दोन पर्यायी जागाही निश्चित कराव्या लागतात.

अंतराची मर्यादा : खात्याच्या अंदाजानुसार ७२५ किग्रॅ. वजनाचा नर आतडी इ. काढून साफ केल्यावर सु. ४३० किग्रॅ. भरतो व त्यापासून सु. २२५ किग्रॅ. खाण्याजोगे मांस मिळते. अलास्काच्या कायद्याप्रमाणे मान, छाती, फासळ्या, पुढील व मागील चारही फऱ्यांवरील आणि पाठीच्या कण्यालगतचे सर्व मांस आणणे बंधनकारक असून ते टाकून देणे हा गुन्हा आहे. काही विभागांत फऱ्यांचे मांस हाडासह आणावे लागते. त्यामुळे वजन आणखी वाढते. शृंगे मांसाच्या आधी नेता येत नाहीत. ती शेवटच्या खेपेबरोबर न्यावी लागतात.

या वजनाचा अर्थ साध्या हिशेबाने उमगतो. एका खेपेत ३५ किग्रॅ. ओझे नेले, तर केवळ मांसाच्या सात व शृंगांसह आठ खेपा होतात. शिकारीची जागा नदीपासून दीड किमी. असेल, तर ओझ्यासह आठ व रिकाम्या हाताने परतीच्या सात मिळून एकट्या माणसास २२·५ किमी. चालावे लागते. जागा ५ किमी. दूर असल्यास हेच अंतर ७५ किमी. होते. दोघांनी खेपा वाटून घेतल्या, तरी प्रत्येकाच्या वाट्यास अनुक्रमे १०·५ व ३५ किमी. येतात. दलदलीतून व झुडपांतून पहिले अंतर एका लांब दिवसात पार पडू शकेल; दुसऱ्यास अनेक दिवस लागतील व तेवढ्यात हवा उबदार झाल्यास मांस नासेल. म्हणून तळापासून वा नदीपासून किती अंतरापलीकडे गोळी झाडावयाची नाही, ही मर्यादा घरी असतानाच ठरवून नकाशावर वर्तुळ काढावे. समोर मोठा नर उभा असताना ही मर्यादा ठरविण्याची मनःस्थिती राहत नाही. पाण्यात उभा असलेला मूस मारण्याचे टाळावे, हाही याच विचाराचा भाग होय. अर्धा टन वजनाचे धूड थंड पाण्यातून बाहेर काढणे दोघा-तिघांस बहुधा अशक्य असते.

वाहतुकीची व्यवस्थाही वजनावरच अवलंबून असते. दुर्गम भागात चाकांची लहान विमाने वाळूच्या पुळणीवर व तरंड बसविलेली विमाने तळ्यांवर उतरतात. त्यांची भारवहनक्षमता मर्यादित असल्याने एका मूससाठी एकाहून अधिक फेऱ्या लागू शकतात आणि त्यांचा खर्च आधीच ठरवून घ्यावा लागतो. वाहतूकदार शिकाऱ्यास नेऊन सोडतो, पण कायद्याने तो शिकारीत मार्गदर्शन करू शकत नाही. तो परवानाधारक मार्गदर्शकाचा अधिकार होय. रबरी तराफ्यातून नदीने खाली जात शिकार करण्याची पद्धतही लोकप्रिय आहे. तीत मांस नदीकाठी मिळाले, तर श्रम वाचतात. मात्र मूसचे वजन धरून तराफ्याचा आकार निवडावा लागतो. वाईट हवामानामुळे विमान न येण्याची शक्यता गृहीत धरून प्रवासाच्या दोन्ही टोकांस राखीव दिवस व त्यांपुरते अन्न ठेवावे.

शोध, हाक व नेम : सप्टेंबरच्या आरंभी नर विखुरलेले व शांत असतात. तेव्हा सकाळ-संध्याकाळ उंचवट्यावर बसून दुर्बिणीने झुडपांचे पट्टे न्याहाळणे हीच मुख्य पद्धत होय. समागमकाळ जवळ येताच नर हाकेला प्रतिसाद देऊ लागतात. मादीचा लांबट, कण्हल्यासारखा स्वर व नराचा आखूड हुंकार यांची नक्कल तोंडाने करतात. पूर्व कॅनडातील मूलनिवासी त्यासाठी भूर्जाच्या सालीचा कर्णा वापरीत आले आहेत. वाळलेले खांद्याचे हाड वा लाकडी फळी झुडपांवर घासून शृंगे घासल्याचा आवाजही काढतात. हाक दिल्यावर नर काही तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशीही, निःशब्दपणे येतो. त्यामुळे जागा वरचेवर न बदलता वाऱ्याची दिशा सांभाळून थांबणे फायद्याचे ठरते. समागमकाळाच्या ऐन भरात नराचे खाणे जवळजवळ बंद होते व मांसास उग्र वास येतो, हे तारखा निवडताना ध्यानी घ्यावे.

मूससाठी .३०-०६ सारखी मध्यम शक्तीची रायफल पुरेशी असते. शक्तिमान रायफलीपेक्षा सरावाची रायफल अधिक भरवशाची होय. नेम पुढच्या पायामागे, हृदय व फुप्फुसे यांच्या जागी धरावा. गोळी वर्मी लागूनही मूस काही क्षण जागीच उभा राहतो वा सावकाश चालत जातो. नवख्यास नेम चुकल्यासारखे वाटले, तरी जागा नीट लक्षात ठेवावी व माग काढण्यापूर्वी काही वेळ थांबावे. पाठलाग केल्यास जखमी प्राणी दूर झाडीत शिरतो.

मांसाची निगा : उष्णता, ओल व घाण हे मांसाचे तीन शत्रू होत. एवढ्या मोठ्या देहातील उष्णता जाड कातड्याखाली दीर्घकाळ टिकून राहते. म्हणून आतडी काढून कातडे लगेच सोलावे, फरे वेगळे करावेत व ते हवा खेळेल अशा सुती पिशव्यांत घालून सावलीत टांगावेत. पृष्ठभाग वाळून त्यावर कोरडी पापडी धरली, की माश्या व जंतू यांपासून बरेच संरक्षण मिळते. पाऊस अडविण्यासाठी वर ताडपत्री बांधावी. पण मांस प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नये, कारण त्यात उष्णता व ओल कोंडून राहते. नियमानुसार नर-मादी ओळखण्याची नैसर्गिक खूण मांसासोबत राखावी लागते. मृगांतील क्रॉनिक वेस्टिंग रोगाचा प्रसार रोखण्यासाठी अनेक राज्यांनी मेंदू व पाठीचा कणा बाहेरून आणण्यावर निर्बंध घातले आहेत. घरी परतण्याच्या वाटेवरील प्रत्येक राज्याचे नियम आधी पाहावेत.

सुरक्षितता : मांसाच्या वासाने तपकिरी अस्वले येतात. यासाठी मांस तंबूपासून दूर, पण दुरूनही स्पष्ट दिसेल अशा मोकळ्या जागी ठेवावे व आतड्यांच्या ढिगापासूनही ते अलग करावे. परत येताना आवाज करीत व दुर्बिणीने पाहणी करूनच जवळ जावे. अस्वलाने कबजा घेतलेल्या मांसासाठी झगडू नये. मात्र अस्वलाइतकाच मोठा धोका थंडी व ओल यांचा असतो. शून्याच्या वरच्या तापमानातही भिजलेल्या व थकलेल्या माणसाचे शारीरिक तापमान घातक पातळीपर्यंत उतरू शकते. सुती कपड्यांऐवजी लोकरी वा कृत्रिम धाग्यांचे कपडे, आग पेटविण्याची दोन साधने व उपग्रहामार्फत चालणारे संदेशयंत्र जवळ असावे. तळाचे स्थान व परतीची तारीख घरच्यांना लेखी द्यावी.

स्थानिक समाज : अलास्काच्या अंतर्भागातील अथॅबास्कन व इतर गावकऱ्यांच्या दृष्टीने मूस म्हणजे हिवाळ्याची बेगमी असते आणि तिचे वाटप हा समाजजीवनाचा भाग असतो. पाहुण्या शिकाऱ्याने शृंगे नेऊन मांस नासू दिले, तर तो त्यांच्या अन्नाचा व श्रद्धेचा अवमान ठरतो. नेता न येणारे मांस गावात देण्याची पद्धत असून त्यासाठी हस्तांतराचा लेखी दाखला करावा लागतो. मात्र मांस खाण्याजोगे असतानाच व आधी विचारून द्यावे. नासू लागलेले मांस विमानतळावर सोडून जाणे हे दान नव्हे. शिकारीनंतर ठराविक मुदतीत खात्यास अहवाल पाठवावा लागतो. शिकार न मिळाली, तरी तो आवश्यक असतो, कारण पुढील वर्षाचे नियम अशा अहवालांवरच आधारलेले असतात.

भारतात १९७२ चा वन्य जीव (संरक्षण) अधिनियम व १९९१ मधील त्याची दुरुस्ती यांमुळे क्रीडा म्हणून होणारी शिकार बंद झाली. मूसच्या प्रदेशांत ती चालू आहे, ती गणना, मर्यादित परवाने व मांसाच्या पूर्ण उपयोगाची सक्ती यांच्या आधारावर. अपरिचित भूमीत जाणाऱ्या नवख्याकडून ही व्यवस्था एवढीच अपेक्षा करते, की जे वाहून नेता येणार नाही ते त्याने मारू नये. योग्य नर मर्यादेच्या वर्तुळाबाहेर दिसला व शिकारी गोळी न झाडता परतला, तर ती शिकार नियोजनाच्या दृष्टीने यशस्वीच समजली जाते.